मगबाईंचा आवाज बसला तेव्हा

मगबाई भूगोल शिकवायच्या. पण वाऱ्यांच्या दिशा आणि नद्यांची मुखं पार विसरून गेलेला त्यांचा जुना विद्यार्थीही रस्त्यात भेटला, की त्याला त्यांचा एक शब्द मात्र हमखास आठवायचा. विद्यार्थी मंडळातलं कुणीतरी धापा टाकत यायचं आणि म्हणायचं, "बाई, माईक चालत नाहीये." बाई वह्यांतून मान वर करायच्या, भुवया जराशा उंचवायच्या आणि विचारायच्या, "मग?"

"बाई, सहावीची मुलं रांगेत उभीच राहत नाहीत."

"मग?"

"बाई, पाहुणे वेळेच्या आधीच येऊन बसलेत."

"मग?"

या 'मग'मध्ये राग नसायचा, थट्टाही नसायची. पुढचं वाक्य तुझं, एवढाच त्याचा अर्थ. समोरचं पोर चुळबुळ करायचं, एकदा छताकडे बघायचं, एकदा स्वतःच्या बुटांकडे, आणि शेवटी हळूच म्हणायचं, "दुसरा माईक संगीताच्या खोलीत आहे. तो आणू?" बाई म्हणायच्या, "आण की." पोर उड्या मारत पसार. नाव पडलं ते असं. आधी मुलं पाठीमागे म्हणायची, मग शिक्षक म्हणू लागले, आणि एकदा मुख्याध्यापकांनीच भर सभेत "आता आपल्या मगबाई बोलतील" असं म्हटल्यावर ते नाव कायमचं चिकटलं.

बाई पहिल्यापासून अशा नव्हत्या. नोकरीच्या सुरुवातीला विद्यार्थी मंडळ त्यांच्याकडे आलं, तेव्हा सगळं त्या स्वतःच करायच्या. सूत्रसंचालन लिहायच्या, पताका चिकटवायच्या, पाहुण्यांना आणायलाही स्वतःच जायच्या. कार्यक्रम देखणे व्हायचे, वरिष्ठ खूश असायचे. एकदा मंडळाच्या बैठकीत एक प्रतिनिधी खिडकीशी बसून आरामात बोटांची नखं न्याहाळत होता. बाईंनी विचारलं, "काय रे, तुझं काय चाललंय?" तो अगदी निरागसपणे म्हणाला, "काही नाही बाई. तुम्ही करताय ना सगळं, तुमचं झालं की आम्ही टाळ्या वाजवू." वर्गभर हशा पिकला. बाईही हसल्या, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य त्यांच्या चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. पुढच्या बैठकीत त्या खुर्ची घेऊन मागच्या भिंतीशी बसल्या आणि गप्प राहायचा प्रयत्न केला. फार जड गेलं. पण हळूहळू जमलं.

पुढे पुढे तर असं झालं, की शाळेत नवा शिक्षक आला आणि त्याच्या गळ्यात सहलीचं, नाटकाचं किंवा खेळांचं काम पडलं, की मुख्याध्यापक त्याला सांगायचे, "आधी मगबाईंकडे जाऊन बसा." बाई त्यांना भाषण देत नसत. चहा देत, आणि आपल्या बैठकीला घेऊन जात. "फक्त बघा," म्हणत. "आणि तोंडात खडीसाखर ठेवा. म्हणजे मध्ये बोलायचा मोह होत नाही." आजूबाजूच्या शाळांमधले कितीतरी उपक्रमप्रमुख अशा खडीसाखरेवर तयार झाले होते.

निवृत्तीला वर्षभर उरलं असताना बाईंचा आवाज बसला. आधी त्यांनी ते अंगावर काढलं. गरम पाण्याच्या गुळण्या, गळ्याला मफलर, झालं. पण आवाज काही सुधारेना. शेवटी नवऱ्याने हट्टाने त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि बोलण्याची त्याला इतकी हौस, की गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी होत्या. त्या काढाव्या लागतील, म्हणाले, आणि त्यातला तुकडा तपासायलाही पाठवावा लागेल.

"काळजीचं काही?" रेडिओने विचारलं. एवढं छोटं वाक्य त्याने आयुष्यात क्वचितच उच्चारलं असेल.

"बहुतेक नसेल," डॉक्टर म्हणाले. "वर्षानुवर्षं वर्गात मोठ्याने बोलणाऱ्यांना होतं असं. पण तपासल्याशिवाय मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आणि हो, काढल्यावर बोलणं पूर्ण बंद. कुजबुजसुद्धा नाही. मी सांगेन तेव्हाच तोंड उघडायचं."

गाठी निघाल्या. बाई घरी बसल्या. त्यांच्या हातात मुलीच्या लहानपणची पाटी आली. रेडिओची तर चंगळच झाली, कारण आता मध्ये तोडणारं कुणी नव्हतं. बाईंनी पाटीवर 'जरा गप्प बसता का' असं लिहून समोर धरलं, की तो डोळे बारीक करून म्हणायचा, "अगं, चष्मा दुकानात राहिलाय, दिसत नाही मला." चष्मेवाल्याच्या घरात चष्मा नाही, यावर बाई आवाज न करता हसायच्या. पण दुपारी तो दुकानात गेला, घर शांत झालं, की तपासायला गेलेला तो तुकडा त्यांच्या मनात येऊन बसायचा. मुलीचा दुसऱ्या शहरातून फोन यायचा. ती बोलायची, आणि आई फोनवर नखाने टकटक करायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. "आई, भीती वाटतेय का?" याला बाई दोनदा टकटक करायच्या. खरं उत्तर एकदाचं होतं.

आणि नेमकं त्याच दिवसांत शाळेचं वार्षिक संमेलन आलं.

संमेलन विद्यार्थी मंडळाचं. बाई नाहीत म्हटल्यावर ते विज्ञानाच्या नव्या सरांकडे गेलं. माणूस सरळ, कामसू, मुलांवर जीव टाकणारा. पण त्यांना एका जागी उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. प्रयोगशाळेतून मैदानात, मैदानातून कार्यालयात, सतत पळापळ. मुलांनी त्यांचं नाव धावते सर ठेवलं होतं. बाईंच्या बैठकांना ते येऊन बसले होते, खडीसाखरही चघळली होती, पण ती ते कडाकडा चावून संपवायचे आणि लगेच बोलायला लागायचे.

एका संध्याकाळी ते बाईंच्या घरी आले. बरोबर मंडळाची अध्यक्ष. ही दहावीतली मुलगी इतकी उंच होती, की सगळे तिला शिडी म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची.

"बाई, मला झोप लागत नाही," सर खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले. "सभागृहाचं, नाटकाचं, छोट्यांच्या नाचाचं, सगळं मीच डोक्यात धरून बसलोय. त्यात परवा पालकांच्या सभेत एक गृहस्थ उठले. म्हणाले, शाळा मास्तर चालवतात की पोरं? इतकी माणसं येणार आणि सगळा कारभार या कार्ट्यांच्या हातात? काही झालं तर कोण जबाबदार?"

बाईंनी पाटी घेतली. थोडा विचार केला आणि लिहिलं, 'बरोबर विचारलं त्यांनी. शिडीला विचारा.'

सरांनी पाटी वाचली आणि शिडीकडे बघितलं. शिडी जरा अवघडली. मग म्हणाली, "बाई, आमचं त्यावर बोलणं झालंय. म्हणजे सर कार्यालयात गेले होते तेव्हा. सभागृहाचं बाजूचं दार आहे ना, त्याच्यासमोर जुन्या बाकांचा ढीग आहे. बैठक व्यवस्था बघणारी मुलगी म्हणाली, पुढच्या दाराने सगळे एकदम बाहेर निघाले तर चेंगराचेंगरी होईल. बाक हलवायचे का, हे सरांना विचारायचं होतं, पण सर..." तिने वाक्य सोडून दिलं.

"मी पळत होतो," सर म्हणाले.

"हो सर."

रेडिओ आतून चहा घेऊन आला होता, तो खो खो हसला. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. जरा वेळाने ते म्हणाले, "आणि काय काय ठरवलंय तुम्ही?"

मग शिडी बोलत सुटली. प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी वर्गाबरोबरच बसणार. बालवर्गातल्या छोट्यांसाठी आठवीतल्या दोन मुली. गडबड झालीच, तर कोण कुठल्या दाराने निघणार आणि मैदानात कुठे बसणार. एकदा करूनसुद्धा बघायचं, असं तिचं म्हणणं होतं. सर पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसले. बाईंनी चहा ढवळत दोघांकडे बघितलं आणि पाटीवर काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाक हलले. सरांनी स्वतः बाकांना हात लावला, पण कुठले आधी उचलायचे ते मुलींनी सांगितलं. शिपाईमामा कुरकुरले, की हे बाक माझ्या लग्नाच्याही आधीपासून इथं होते. दार उघडलं तेव्हा बिजागऱ्या किंचाळल्या. कुणीतरी तेल आणलं. सराव झाला, तो अगदीच गमतीचा. पाचवीची मुलं भलत्याच दाराने बाहेर पडून मैदानात क्रिकेट खेळू लागली. पुन्हा केला, तेव्हा बरा झाला.

संमेलनाच्या दुपारी बाई घरीच होत्या. डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली होती. चार शब्द बोलल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही, म्हणाले. शाळा त्यांच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून. खिडकीत बसलं, की ध्वनिवर्धकाचा आवाज स्पष्ट यायचा. बाईंनी स्वागतगीत ऐकलं, मुख्याध्यापकांचं लांबलेलं भाषण ऐकलं, छोट्यांच्या माशांच्या नाचाला पडलेल्या टाळ्या ऐकल्या. रेडिओ दुकान लवकर बंद करून आला होता आणि शेजारी बसून प्रत्येक गोष्टीवर मत देत होता. नाटक सुरू झालं. राजा काहीतरी गर्जत होता.

राजाचं वाक्य मधेच तुटलं.

बाईंना वाटलं, माईक गेला असेल. पण मग शाळेची घंटा वाजू लागली, आणि थांबेना. ही तास संपल्याची घंटा नव्हती. बाई उठल्या. त्या कधी जिना उतरल्या आणि कधी गल्लीत आल्या, हे त्यांना नंतर आठवलं नाही. पायात घरातल्या सपाता होत्या. मागून रेडिओ ओरडत होता, "अगं हळू, अगं थांब," आणि स्वतःही पळत होता. कोपऱ्यावर वळल्यावर बाईंना सभागृहाच्या वरच्या झरोक्यातून काळसर धूर निघताना दिसला.

धावता धावता त्यांच्या मनात आलं. आपण ज्याला इतकी वर्षं शिकवणं म्हणत आलो, तो निव्वळ हट्ट तर नव्हता? लहान मुलांच्या खांद्यावर आपण काय काय ठेवलं? त्या गृहस्थांचं वाक्य कानात घुमत होतं, काही झालं तर कोण जबाबदार.

फाटकातून आत शिरल्या आणि त्या जागीच थबकल्या.

मैदान माणसांनी भरलं होतं, पण आरडाओरडा नव्हता. वर्ग रांगा करून मातीत बसले होते. सगळ्या रांगा सरळ नव्हत्या, काही पोरं रडत होती, पण प्रत्येक रांगेच्या टोकाला एक प्रतिनिधी उभा होता आणि बोट नाचवत मुलं मोजत होता. पालक कुंपणाच्या बाजूला होते. तिथे दोघी मुली हात पसरून उभ्या होत्या आणि पुनःपुन्हा सांगत होत्या, "मोजून होईपर्यंत थांबा, मोजून झालं की लगेच सोडतो." मोठमोठी माणसं चक्क ऐकत होती. राजा डोक्यावरच्या मुकुटासकट मातीत बसला होता.

आणि धावते सर पळत नव्हते. रंगमंचामागे दिव्याच्या तारेने पेट घेतला, तेव्हा त्यांनी मुख्य बटण बंद केलं, नाटकातली सगळी मुलं पुढे घालून बाहेर काढली, आणि आता ते बाजूच्या दाराला पाठ लावून उभे होते. कुणी आत जाऊ नये म्हणून. चेहऱ्यावर काजळी होती.

मुख्याध्यापक बाईंना बघून धावत आले. "बाई, तुम्ही आलात. बरं झालं. काहीतरी सांगा हो मुलांना."

बाईंनी गळ्याकडे हात नेला आणि मान हलवली.

तेवढ्यात शिडी एकेका प्रतिनिधीकडून आकडा घेत बालवर्गापाशी पोचली, आणि तिथेच अडकली. तिने परत मोजलं. "एक कमी आहे," ती म्हणाली. "मासा. लहान पिवळा मासा."

पालकांच्या गर्दीतून एक माणूस अडवणारे हात झटकून पुढे आला. सभेत उठून बोलले होते तेच गृहस्थ. पिवळा मासा त्यांची धाकटी मुलगी होती. ते थेट बाजूच्या दाराकडे धावले. "बाजूला व्हा."

"आत धूर आहे. तुम्हाला काही दिसणार नाही," सर म्हणाले. पण त्यांचं स्वतःचंच पाऊल दाराकडे वळू लागलं होतं. "थांबा तुम्ही, मीच जातो."

"सर," शिडी लांबूनच म्हणाली आणि ढांगा टाकत आली. "तुम्ही आत काय काय बघितलंत?"

"रंगमंच बघितला. खुर्च्यांच्या मधून बघितलं. कपड्यांची खोली राहिली."

बाईंना आठवलं, कपड्यांच्या खोलीला मागच्या बाजूने खिडकी आहे. ओरडून सांगायला त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टर, गाठी, सगळं गेलं खड्ड्यात. पण घशातून नुसती हवा आली. आवाज नावालाही नव्हता. शिडीने तेवढ्यात वळून त्यांच्याकडे बघितलं. सगळं मैदानच बघत होतं. बाईंना दुसरं काहीच करता आलं नाही. त्यांच्या भुवया, सवयीने, वर गेल्या.

शिडीने डोळे मिटले, उघडले. "कपड्यांच्या खोलीला मागून खिडकी आहे," ती म्हणाली. "बाहेरून बघू. सर, दार सोडू नका." नववीतल्या दोघींना घेऊन ती इमारतीला वळसा घालून गेली. उंचीमुळे तिला चढायला खुर्चीही लागली नाही. काचेला कपाळ लावून तिने आत बघितलं. धूर अजून तिथे पोचला नव्हता. कपड्यांचे पेटारे होते, माणूस नव्हतं. ती ओरडली, "इथे कुणी नाही."

तोवर बालवर्ग सांभाळणारी आठवीतली मुलगी रडकुंडीला येऊन आठवू लागली होती. "नाच झाल्यावर मी तिला पाणी पाजलं. मग ती कुणाला तरी हात करत होती. कुणीतरी म्हातारी बाई होती..."

"काका," परत आलेल्या शिडीने त्या गृहस्थांना विचारलं, "तिची आजी आली होती का?"

गृहस्थ गोंधळले. "आई? हो. आई इथेच होती. मागच्या रांगेत." त्यांनी गर्दीत नजर फिरवली. आई नव्हती.

"घरी फोन करा. फोन करा आधी."

त्यांच्या बोटांना नंबर सापडेना. रेडिओने पुढे होऊन त्यांच्या हातातून फोन घेतला, नंबर विचारला आणि लावून त्यांच्या कानाशी धरला. घंटी वाजत राहिली. बाईंनी नवऱ्याची बाही घट्ट पकडली होती. मग पलीकडून कुणीतरी फोन उचलला, आणि बाहेर इतकी शांतता होती, की त्या म्हातारीचं बोलणं जवळच्या सगळ्यांना ऐकू आलं. "अरे, नाच झाला की कंटाळली ती. किती ते भाषण, किती ते नाटक. घेऊन आले घरी. झोपलीय. शेपटीसकट झोपलीय, सोडायलाच तयार नाही."

गृहस्थ मटकन मातीत बसले. कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणी, आणि बघता बघता सगळं मैदान हसू लागलं. रडणारी पोरंसुद्धा. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या राजाशेजारी मातीत बसल्या. राजाने आपला मुकुट काढून त्यांना वारा घातला.

आगीचा बंब आला तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं. पडदा जळला होता, दोन दिवे गेले होते, भिंत काळी झाली होती. बंबावरचा अधिकारी सभागृह बघून बाहेर आला आणि विचारू लागला, की ते बाजूचं दार मोकळं ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं. मुख्याध्यापकांनी सरांकडे बोट दाखवलं. सरांनी शिडीकडे दाखवलं. शिडीने बैठक व्यवस्थेतल्या मुलीला पुढे ढकललं. ती बिचारी लाजून मैत्रिणीच्या मागे लपली.

गृहस्थांनी माफी वगैरे काही मागितली नाही. पण सगळे पांगले तरी ते थांबले होते. बाही सरसावून शिपाईमामांबरोबर खुर्च्या बाहेर आणत होते.

त्यानंतरच्या आठवड्यात डॉक्टरांचं बोलावणं आलं. रेडिओ वाटभर गप्प होता, आणि बाईंना त्याच्या बडबडीपेक्षा त्या गप्प राहण्याची भीती वाटली. डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. "साध्या गाठी. वाईट काही नाही," ते म्हणाले. "आता हळूहळू बोलायला लागा. पण हळू. मोठ्याने ओरडायचं नाही, वर्गातसुद्धा."

रेडिओने चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. बाई घसा न ताणता, खरखरीत आवाजात म्हणाल्या, "अहो, रडता काय. चला घरी, भूक लागलीय मला."

त्या वर्षी शिक्षक संघाने एक नवा गौरव सुरू केला होता. जे शिक्षक मुलांमधून पुढारी घडवतात, आणि उपक्रम चालवणाऱ्या इतर शिक्षकांनाही हाताला धरून शिकवतात, त्यांच्यासाठी. मुख्याध्यापकांनी बाईंना न विचारता त्यांचं नाव सुचवलं होतं. निवड झाल्याचं कळल्यावर बाई वैतागल्या. "मी काय केलंय? मी तर त्या दिवशी सपाता घालून मातीत बसले होते." पण मुलगी खास दुसऱ्या शहरातून आली, सरांनी नवा सदरा घातला, शिडीने सकाळपासून दोनदा फोन केला, तेव्हा नाही म्हणायला जागाच उरली नाही.

संघाचं सभागृह शिक्षकांनी भरलं होतं. बाईंना व्यासपीठावर बसवलं. हातांचं काय करावं हे त्यांना कळेना, म्हणून त्या ते मांडीखाली घालून बसल्या. आधी सर बोलले. पळापळ न करता, एका जागी उभं राहून. म्हणाले, "मी बाईंच्या बैठकांना बसलो, पण काही शिकलो नाही. मी शिकलो ते त्यांच्या घरी, मी 'पळत होतो' म्हणालो आणि शिडीने तोंडावर 'हो सर' म्हटलं तेव्हा. एखादं पोर असं बोलू शकतं, म्हणजे आधी कुणीतरी त्याचं वर्षानुवर्षं ऐकून घेतलेलं असतं."

मग बाई उठल्या. आवाज अजून पूर्ण परतला नव्हता. माईकच्या अगदी जवळ जाऊन त्या म्हणाल्या, "लोक म्हणतात, मी मुलांवर विश्वास टाकते. तसं काही नसतं हो. भीती वाटतेच. प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक बैठकीत मला उठून पुढे जावंसं वाटतं. त्या दिवशी तर मी ओरडणारच होते. आवाज नव्हता म्हणून वाचले. ओरडले असते तर सगळी मुलं माझ्याच सांगण्याची वाट बघत बसली असती, आणि शिडीचं डोकं चालायचं थांबलं असतं. खिडकी तिला माझ्याशिवायच सुचली." त्या थांबल्या, पाणी प्यायल्या. "इथे बरेच तरुण शिक्षक बसलेत, ज्यांच्याकडे यंदा काही ना काही उपक्रम आलाय. भीती जाण्याची वाट बघू नका. ती जात नाही. ती घेऊनच मागे बसायचं. आणि मुलांनी एखादी अडचण सांगितली, तर आपलं काम टाकून ती आधी ऐकायची, एवढं केलं तरी पुष्कळ." आणि त्या जाऊन बसल्या. यापेक्षा जास्त घशाला झेपलंही नसतं.

कार्यक्रम संपल्यावर बाई पायऱ्यांवर आल्या, तर तीन-चार तरुण शिक्षिका थांबलेल्या. एकीला चित्रकलेचं मंडळ मिळालं होतं आणि मुलं तोंडच उघडत नाहीत, अशी तिची तक्रार होती. दुसरीची मुलं उलट फार भांडत. बाई पायरीवरच बसल्या. शिडी एका पायरीवर, सर एका. भांडणाऱ्या मुलांचं ऐकून शिडी म्हणाली, "आमच्याकडेही भांडतात. आम्ही भांडणाला वेळ ठरवून दिलीय." ती शिक्षिका गंभीरपणे म्हणाली, "म्हणजे कसं, नीट सांग ना." शिडी सांगू लागली. बाई ऐकत होत्या. खाली रेडिओ कुठल्याशा मुख्याध्यापकांना आगीची हकिगत रंगवून सांगत होता. त्यात आता तो स्वतःच बराच पुढे होता, आणि मुलगी आईकडे बघून हसू दाबत होती.

सभागृहाचा पहारेकरी किल्ल्या वाजवत आला तेव्हा सगळे उठले. घरी गेल्यावर बाईंनी गौरवाची ढाल कपाटावर ठेवली, जेवण केलं आणि आडव्या झाल्या. घशात दुखत नव्हतं. डोळ्यासमोर धूर आला नाही, तो तपासायला गेलेला तुकडाही आला नाही. कित्येक महिन्यांनी त्या रात्री त्यांनी कूससुद्धा बदलली नाही. सकाळी मुलीने हाक मारली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं.